भुताच्या घरी जाण्याआधी

चेन्नईत भोपळ्याला चेहरा फुटतो तो हॅलोविनच्या बराच आधी. बांधकाम चालू असलेल्या एखाद्या इमारतीवरून जा, पहिल्या मजल्याच्या उघड्या गजाला कोहळा टांगलेला दिसेल. त्याच्या पांढरट सालीवर वटारलेले डोळे, झुपकेदार मिशा, दोन सुळे आणि हनुवटीपर्यंत लोंबणारी लाल जीभ रंगवलेली असते. येणाऱ्याजाणाऱ्यांची दृष्ट त्या राक्षसाने झेलायची, घराला लागू द्यायची नाही, असा हा करार. मग दसऱ्याच्या आदल्या दिवशी, आयुधपूजेला, दुकानदार, रिक्षावाले, गॅरेजवाले कोहळ्याला वरून खाच पाडून आत कुंकू आणि सुटी नाणी भरतात, वर कापूर पेटवून तो गाडीवरून, दुकानावरून ओवाळतात आणि रस्त्यावर आपटून फोडतात. लाल लगद्याचे सडे पडतात, नाण्यांसाठी पोरांची झुंबड उडते, आणि त्या लगद्यावरून दुचाक्या घसरतात. कोहळे भर रस्त्यात फोडू नका, अशी विनंती पोलिसांना पुन्हा पुन्हा करावी लागते. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढलेली आणि दाराला लिंबू-मिरची बांधलेली बघत वाढलेला मराठी माणूसही त्या दिवशी चेन्नईचे रस्ते पाहून थबकतो.

त्यानंतर महिन्याभराच्या आत मॉलच्या दारात नारिंगी प्लास्टिकचे भोपळे लागतात. ३१ ऑक्टोबरचा हॅलोविन मूळचा आयर्लंड-स्कॉटलंडकडचा. तिथे सलगम कोरून त्यात दिवा ठेवत. आयरिश माणसं अमेरिकेला गेली तेव्हा सलगमाच्या जागी भोपळा आला. पुढे थीम पार्कांनी हा सण उचलला. कॅलिफोर्नियातल्या नॉट्स बेरी फार्मने १९७३ साली आपल्या बागेत भुतांच्या रात्री सुरू केल्या, ऑरलँडोच्या युनिव्हर्सल स्टुडिओने १९९१ साली, आणि २०११ पासून सिंगापूरचा युनिव्हर्सल स्टुडिओही त्यात उतरला. चेन्नईहून सिंगापूर विमानाने चारेक तासांवर आहे, त्यामुळे मोठ्या प्रमाणावरचं भूतघर पहिल्यांदा तिथे पाहिलेली कुटुंबं या शहरात भेटतात. शहरातही ऑक्टोबरअखेर मॉल, क्लब आणि ओल्ड महाबलीपुरम रोडच्या बाजूची मोठी गृहसंकुलं आपापली लहानमोठी भूतघरं उभारतात.

हॅलोविननंतर दोनच दिवसांनी, २ नोव्हेंबरला, चेन्नईतल्या ख्रिस्ती कुटुंबांचा कल्लरै तिरुनाळ असतो. किलपॉकच्या किंवा सांतोमजवळच्या क्विबल आयलंडच्या दफनभूमीत लोक आपल्या माणसांच्या थडग्यांची साफसफाई करतात, झेंडूशेवंतीने ती सजवतात, मेणबत्त्या लावतात. आपल्या पितृपंधरवड्याच्या जवळचा हा दिवस आहे आणि तो ज्यांचा आहे त्यांच्यासाठी गंभीर आहे. भुताचे मुखवटे घालून फोटो काढायला दफनभूमीत जाण्याची टूम अधूनमधून निघते. तेवढी मात्र कोणी काढू नये.

भूतघराचं तिकीट काढताना आपण भीतीचे पैसे मोजतो असं वाटतं. खरे पैसे मोजायचे असतात निर्धास्तपणाचे. अंधारात कोणी अंगावर धावून आलं तरी आपल्याला काही होणार नाही, ही खात्री असेल तरच किंचाळण्यात मजा आहे. ती खात्री पार्कवाल्यांनी द्यायची असते, पण निम्मी आपणच घरून नेतो. चेन्नईत तर जास्तच, कारण इथला ऑक्टोबर महाराष्ट्रातल्यासारखा नसतो.

आपल्याकडे ऑक्टोबर म्हणजे ऑक्टोबर हीट आणि पाऊस संपल्याची खात्री. चेन्नईत पाऊस तेव्हा कुठे सुरू होतो. ईशान्य मोसमी वारे साधारणपणे २० ऑक्टोबरच्या सुमारास येतात आणि वर्षाकाठी पडणाऱ्या सुमारे १,४०० मिलिमीटर पावसापैकी निम्म्याहून जास्त ऑक्टोबर ते डिसेंबर या तीन महिन्यांत पडतो. बंगालच्या उपसागरातली चक्रीवादळंही याच काळातली. ३१ ऑक्टोबर २०१२ला, ऐन हॅलोविनच्या संध्याकाळी, 'नीलम' हे चक्रीवादळ महाबलीपुरमजवळ किनाऱ्यावर आलं. शहरातली काही मोठी मनोरंजन उद्यानं ज्या ईस्ट कोस्ट रोडच्या कडेने आहेत, ज्याला सगळे ईसीआर म्हणतात, त्याच पट्ट्यात. त्याच दिवशी 'प्रतिभा कावेरी' नावाचं तेलवाहू जहाज नांगर सुटून भरकटलं आणि बेसंटनगरच्या किनाऱ्याशी वाळूत रुतलं. जीवरक्षक होडीतून उतरू पाहणाऱ्या खलाशांपैकी सहा जण गेले. २०२५च्या ऑक्टोबरअखेरीस आलेलं 'मोंथा' वादळ आंध्रच्या किनाऱ्याकडे वळलं, पण चेन्नईला पाऊस देऊनच.

म्हणून इथे हॅलोविनची आखणी सुरू होते ती हवामान खात्याच्या पत्रकापासून. खात्याचं प्रादेशिक केंद्र नुंगमबाक्कमला आहे. पिवळा इशारा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे चोवीस तासांत २०४ मिलिमीटरहून जास्त पावसाची शक्यता. नारिंगी इशारा असेल त्या दिवशी ईसीआरचा बेत रद्द करावा असं माझं ठाम मत आहे. तिकीट वाया गेलं तर जाऊ द्यावं. तारीख बदलता येणारं तिकीट थोडं महाग पडलं तरी तेच घ्यावं, आणि पाऊस आला तर पैसे परत की दुसरी तारीख, हे काढण्याआधीच विचारावं. पाऊस नसला तरी जमीन ओली असते. मोकळ्यावरच्या तात्पुरत्या मंडपात विजेच्या तारा जमिनीवरून गेलेल्या असतील तर तिथे पाय ठेवू नये.

अंधाराचा हिशोबही वेगळा आहे. चेन्नई मुंबईच्या कितीतरी पूर्वेला, घड्याळ मात्र एकच. त्यामुळे ऑक्टोबरअखेर मुंबईत सूर्य सहा वाजून गेल्यावर मावळतो, तर चेन्नईत पावणेसहालाच. साडेसहाला चांगलं काळोखलेलं असतं. लहान मुलं बरोबर असतील तर याचा मोठा फायदा आहे. रात्री दहाची वाट बघावी लागत नाही, संध्याकाळचा पहिला खेळ धरून आठच्या आत घरी परतता येतं. पहिल्या खेळाला गर्दी कमी असते, भुताचं काम करणारी पोरं ताजीतवानी असतात आणि रंग घामाने ओघळलेला नसतो. मेट्रो ईसीआरला जात नाही. तिरुवान्मियूरहून पुढे बस, शेअर रिक्षा किंवा स्वतःची गाडी. शनिवार-रविवारी संध्याकाळी हा रस्ता तुंबलेला असतो. हॅलोविनच्या आसपास दिवाळी येते का तेही बघावं. २०२४ साली तमिळनाडूची दिवाळी नेमकी ३१ ऑक्टोबरलाच होती, आणि त्याआधीचे दोन दिवस गावी निघालेल्यांच्या गर्दीने शहराबाहेर जाणारे रस्ते भरून गेले होते.

आता इमारतीबद्दल. ११ मे १९८४ रोजी अमेरिकेत न्यू जर्सीच्या सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर या पार्कमधल्या 'हाँटेड कॅसल'ला आग लागली. तो किल्ला म्हणजे एकमेकांना जोडलेले सतरा मालवाहू ट्रेलर होते, आत लाकूड, कापड, रंग आणि स्पंज. आत पाणी फवारणारी यंत्रणा नव्हती. एका मुलाने वाट दिसेना म्हणून लायटर पेटवला आणि भिंतीला लावलेल्या स्पंजने पेट घेतला, असं चौकशीत पुढे आलं. धूर आणि ओरडा हा खेळाचाच भाग आहे असं आतल्या काहींना वाटलं. आठ किशोरवयीन मुलं गेली. त्यानंतर अमेरिकेतल्या अग्निसुरक्षेच्या नियमांत अशा इमारतींसाठी वेगळं कलम आलं. मुद्दाम वाट चुकवणाऱ्या, अंधाऱ्या, गोंगाटाच्या जागेत धूर ओळखणारी आणि पाणी फवारणारी यंत्रणा हवी, आणि धोका दिसताच भुतांचा आवाज थांबून दिवे आपोआप लागले पाहिजेत. हे शेवटचं कलम मला फार शहाणपणाचं वाटतं. भूतघराची सगळी कला माणसाला बाहेरची वाट कळू न देण्यात आहे, त्यामुळे संकटाच्या क्षणी ती कला एका झटक्यात बंद पडायला हवी.

आपल्याकडची आठवण ताजी आहे. २५ मे २०२४ला राजकोटच्या टीआरपी गेम झोनमध्ये लागलेल्या आगीत २७ माणसं गेली, त्यात मुलं होती. पत्र्याचा सांगाडा, आत इंधनाचा साठा, चालू असलेलं वेल्डिंग आणि अग्निशमन दलाचा दाखला नाही. तो काही भूतघराचा खेळ नव्हता, पण मॉलच्या मागच्या मैदानात किंवा जत्रेत आठवड्याभरासाठी उभं राहिलेलं भूतघर तशाच पत्र्याचं, प्लायवूडचं आणि काळ्या कापडाचं असतं. आणि पार्कमधला बिघाड म्हणाल तर मे २०२५ मध्ये खुद्द चेन्नईत, ईसीआरवरच्या व्हीजीपी युनिव्हर्सल किंग्डममध्ये, एक उंच पाळणा वर असतानाच बंद पडला. तीसच्या आसपास माणसं तीनेक तास वरच अडकली. अग्निशमन दलाने उंच शिडीच्या गाडीने त्यांना उतरवलं, सगळे सुखरूप होते. त्यांना भीती वाटली ती खरी होती. कोणी रचलेली नव्हती.

तर दारात पोचल्यावर, रांगेत उभं राहण्याआधी, इमारतीला एक फेरी मारावी. बाहेर पडायचा दरवाजा आत शिरायच्या दरवाजापासून वेगळा आहे का, त्याला बाहेरून कडी किंवा कुलूप तर नाही, मध्येच बाहेर पडायची वाट आहे का. दारावरच्या माणसाला विचारावं, "मधूनच बाहेर यायचं झालं तर कोणाला सांगायचं?" ज्याला काम समजलेलं आहे तो लगेच एखादी खूण किंवा शब्द सांगतो. हसून "काही होत नाही" म्हणणाऱ्याकडे तिकीट काढू नये. दारावरचा माणूस आणि आतली भुतं बहुधा तमिळच बोलणार, म्हणून मुलांना दोन शब्द शिकवून न्यावेत. पोदुम् म्हणजे पुरे, वेळिये म्हणजे बाहेर. हे दोन शब्द कानावर पडले की भूत मुखवट्याआडून माणसासारखं वागायला लागतं. नाहीच लागलं तर तिथला कारभार चांगला नाही हे नक्की.

एवढं झालं की मग आत जाऊन मनसोक्त घाबरावं.

आत जाताच पहिली फसवणूक आपल्याच डोळ्यांची असते. उजेडातून अंधारात आल्यावर रंग ओळखणाऱ्या पेशी दहा मिनिटांत काय ते जुळवून घेतात, पण मंद उजेडात बघणाऱ्या पेशींना पूर्ण कामाला लागायला वीस ते तीस मिनिटं लागतात. भूतघराची फेरी संपते पाच-सात मिनिटांत. म्हणजे डोळे पुरते उघडण्याआधीच आपण बाहेर. शिवाय मध्येच एखादा पांढरा झगमगाट करतात, की कमावलेलं सगळं पुन्हा शून्यावर. त्यानंतरच्या काही पावलांत हमखास कोणीतरी अंगावर येतं. तेव्हा झगमगाट झाला की समजावं, आता पाळी आहे.

दचकण्याचंही शास्त्र आहे. अचानक मोठा आवाज झाला की सेकंदाच्या विसाव्या भागात डोळे मिटतात, मग मान पुढे, खांदे वर, कोपर आत. हे मेंदूच्या खालच्या भागातून परस्पर होतं, विचाराची गाठ पडेपर्यंत अंग आखडलेलंही असतं. कार्नी लँडिस आणि विल्यम हंट या मानसशास्त्रज्ञांनी १९३०च्या दशकात लोकांच्या मागे पिस्तुलाचे बार काढून वेगवान कॅमेऱ्याने हे टिपलं. नेहमी गोळी झाडणारे पोलिसही त्यात डोळे मिटताना सापडले. म्हणून "मी नाही घाबरत" असं म्हणणाऱ्या मामालाही दचकावंच लागतं. भिंतीतली फळी दाणकन खाली पडते, हवेच्या दाबावर चालणारा सांगाडा फुस्सकन पुढे येतो, कानाजवळ हवेचा फटकारा बसतो. हत्यारं एवढीच, बाकी सगळी वेळेची कमाल.

भुताचं काम करणाऱ्यांचा एक जुना नियम आहे. माणसाला नेहमी पुढच्या दिशेने पळेल असंच घाबरवायचं. समोरून आलात तर माणसं मागे फिरतात आणि मागच्या घोळक्यावर कोसळतात. म्हणून भूत बाजूने किंवा मागून येतं. दुसरा नियम, अंगाला हात लावायचा नाही. आपणही भुताला मारायचं नाही, ढकलायचं नाही. घाबरून हात उगारणारे पुष्कळ असतात आणि मार खातो तो मुखवट्यामागचा विशीतला पोरगा.

सरकत्या, फिरत्या बोगद्याची गंमत थोडी थांबून समजून घेण्यासारखी आहे, कारण तिचा एक धागा थेट चेन्नईत येतो. १८९४ साली सॅन फ्रान्सिस्कोच्या जत्रेत 'हाँटेड स्विंग' नावाचा झोपाळा होता. लोक त्यावर बसत, झोपाळा झुलायला लागे, झोके वाढत वाढत शेवटी पूर्ण गरगर फिरल्यासारखं होई. लोक बाकाला घट्ट धरून किंचाळत. प्रत्यक्षात झोपाळा जवळजवळ जागेवरच असे, फिरत असे ती खोली. टेबल, दिवा, चित्रं सगळं भिंतीला ठोकून बसवलेलं. रॉबर्ट वुड या भौतिकशास्त्रज्ञाने पुढच्याच वर्षी याचं वर्णन छापलं. युक्ती माहीत असूनही पोटात गोळा येतोच, हे त्याने नोंदवलं. आजच्या भूतघरातला ठिपक्यांचा फिरता बोगदा म्हणजे तेच. पूल स्थिर असतो, भिंत फिरते, आणि आपण कठड्याला लटकून चालतो. त्यात डोळे मिटले की गरगर क्षणात थांबते. करून बघावं.

हीच युक्ती १९८४च्या 'माय डियर कुट्टिचातन' या मल्याळम चित्रपटात आहे. भारतातला पहिला थ्रीडी चित्रपट, पुढे हिंदीत 'छोटा चेतन' म्हणून आला तो. थ्रीडीचा चश्मा लावून थेटरात हात पुढे करणारी तेव्हाची मराठी मुलं आता चाळिशीत असतील. त्यात मुलं आणि ते छोटं भूत भिंतीवरून चालत छतावर जातात. त्यासाठी पोलादी सांगाड्यात अख्खी खोली बसवून ती फिरवली होती, कॅमेराही तिच्यासोबत फिरे. चित्रपटाचे निर्माते नवोदय अप्पच्चन यांनीच पुढे १९९५ साली चेन्नईजवळ तांबरमला किष्किंटा हे थीम पार्क उभारलं. भुताच्या पोराने मुलांना हसवणारा चित्रपट काढणारा माणूस पार्ककडे वळला, यात मला काहीच नवल वाटत नाही. सिनेमा आणि पार्क, दोन्हीकडे कारागिरी एकच.

या शहराला घाबरता घाबरता हसायला आवडतं, हेही बरोबर येणाऱ्या पाहुण्यांना सांगून ठेवावं. रजनीकांतचा 'चंद्रमुखी' २००५ साली आला आणि इथल्या शांती थिएटरात दोन वर्षांहून जास्त चालला. त्यानंतरचे 'कांचना'चे भाग घ्या, भुताइतकीच टाळी घाबरणाऱ्या नायकाला मिळते. दरवर्षी नव्या वर्षाच्या सुरुवातीला आयलंड ग्राउंड्सवर, म्हणजे तीवु तिडलवर, पर्यटन महामंडळाचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथल्या पाळण्यांच्या गर्दीत पेय् वीडु, म्हणजे भूतघर, असतंच. आपल्या जत्रेतल्या भूतबंगल्याचं ते सख्खं भावंड. हॅलोविनचं महागडं भूतघर परवडत नसेल किंवा पावसाने हुकलं असेल तर थांबावं, जानेवारीत हवा कोरडी असते आणि तिथे घाबरायला फार पैसे पडत नाहीत.

भूत हवेत तरंगताना दिसलं तर काच शोधावी. १८६२च्या नाताळच्या आदल्या संध्याकाळी लंडनच्या रॉयल पॉलिटेक्निकमध्ये जॉन हेन्री पेपर यांनी ही युक्ती रंगमंचावर आणली. मूळ कल्पना हेन्री डर्क्स यांची. मंचापुढे तिरकी काच, खाली खड्ड्यात लपलेला नट, त्याच्यावर प्रखर दिवा. प्रेक्षकाला काच दिसत नाही, तिच्यात पडलेलं नटाचं प्रतिबिंब मात्र मंचावर उभं असल्यासारखं दिसतं. दिवा मंद केला की भूत विरून जातं. डिस्नेलँडच्या १९६९च्या 'हाँटेड मॅन्शन'मधली नाचणारी भुतं अशीच आहेत. रात्री खोलीत दिवा लावून खिडकीबाहेर बघितलं की आपलंच रूप अंगणात उभं दिसतं, युक्ती तीच.

चेन्नईत या विषयावर बोलताना अड्यारला टाळून पुढे जाता येत नाही. थिऑसॉफिकल सोसायटीचं मुख्यालय १८८२ अखेर तिथे आलं. सोसायटीच्या सहसंस्थापक मादाम ब्लाव्हाट्स्की यांच्या खोलीलगत एक लाकडी कपाट होतं, त्यात अदृश्य गुरूंची पत्रं प्रकट होत असं सांगत. १८८४च्या सप्टेंबरात मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजच्या मासिकाने ब्लाव्हाट्स्की यांची म्हणून काही पत्रं छापली. ती सोसायटीत आधी राहिलेल्या कूलाँ दांपत्याने दिली होती. कपाटामागच्या भिंतीत सरकती फळी आहे असा त्यांचा आरोप होता. लंडनच्या सोसायटी फॉर सायकिकल रिसर्चने रिचर्ड हॉजसन यांना चौकशीला पाठवलं आणि १८८५च्या अहवालात सगळी लबाडी ठरवली. शंभर वर्षांनी, १९८६ साली, त्याच संस्थेच्या नियतकालिकात व्हर्नन हॅरिसन यांनी हॉजसनच्या पद्धतीवर कडक टीका केली. वाद मिटलेला नाही. भूतघरातही फळ्या सरकतात. फरक एवढाच की तिकिटावर तसं आधी छापलेलं असतं, आणि तेवढ्याने सगळा मामला प्रामाणिक होतो.

कोणाला न्यावं, हा घराघरातला प्रश्न. डेन्मार्कच्या आरहुस विद्यापीठातल्या संशोधकांनी वायले गावच्या एका भूतघरात ११० जणांच्या अंगाला नाडी मोजणारी यंत्रं लावली आणि कॅमेऱ्यांनी त्यांचे चेहरे पाहिले. हा अभ्यास २०२० साली छापून आला. भीती अगदी कमी असली तर मजा नाही, फार झाली तरी नाही, मधल्या टप्प्यावर सगळ्यात जास्त. हा मधला टप्पा माणसागणिक वेगळा असतो, म्हणून अख्ख्या कुटुंबाला एकाच रांगेत उभं करणं मला पटत नाही. त्याच गटाच्या आणखी एका अभ्यासात दिसलं की कोणी भीती वाढवून मजा घेतो, कोणी डोळे मिटून, दुसऱ्याचा दंड धरून ती कमी करतो, आणि दोघेही बाहेर येताना सारखेच खूश असतात. तेव्हा डोळे मिटणाऱ्या आत्याला चिडवू नये. ती तिकिटाचे पैसे वसूल करतेय.

लहान मुलांचं वेगळं. १९६९ साली रीटा डव्हरीस यांनी मुलांना मेनार्ड नावाचं एक मांजर दाखवलं, त्याला हात लावू दिला. मग पुढचा भाग झाकून मांजराच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला, शेपटी मुलांसमोरच होती. हा कोण, असं विचारल्यावर तीन वर्षांची बरीच मुलं म्हणाली, कुत्रा. पोटात कुत्र्याची हाडं आहेत का, भुंकेल का, तर हो. सहा वर्षांची मुलं हसली आणि मांजरच म्हणाली. म्हणजे चारेक वर्षांच्या मुलासाठी मुखवटा चढवलेला काका काका उरत नाही, भूतच होतो. त्याला "अरे, ते खोटं आहे" सांगणं पोचत नाही. सहा-सातच्या आतल्या मुलांना भर अंधाराच्या भूतघरात नेऊ नये. त्यांच्यासाठी दिवसा, उजेडात, मुखवटा समोर चढवून आणि समोर उतरवून दाखवणारा खेळ पुरतो.

दमा असणाऱ्यांनी धुराच्या यंत्राबद्दल विचारावं. तो धूर म्हणजे ग्लायकॉल आणि पाण्याचं धुकं असतं, बंद जागेत त्याने श्वास अडतो; पंप खिशात असावा. झगमगत्या दिव्यांनी अपस्माराचा झटका येऊ शकतो, पूर्वी कुणाला तसा झटका आला असेल तर त्याने बाहेरच थांबावं. हृदयाचे रुग्ण आणि गरोदर बाया यांच्यासाठी दारावर पाटी असते, तिच्याशी वाद घालू नये. पायात बंद बूट हवेत, चप्पल अंधारात पहिली सुटते. साडीचा पदर, ओढणी खोचून घ्यावी. मोबाइलचा दिवा लावू नये, मागच्यांचा खेळ मोडतो. पण तो हाताशी असू द्यावा, आणि गरज पडली तर १०८ रुग्णवाहिकेचा आणि ११२ हा सगळ्यासाठीचा क्रमांक लक्षात असावा. घोळक्यात सगळ्यात धीट माणूस शेवटी ठेवावा, कारण भुतं मागून येतात, आणि घाबरट मूल मधोमध.

जेवण आधी नको. भीतीने पोटातला रक्तपुरवठा आखडतो, फिरत्या बोगद्याने मळमळतं. बाहेर पडलं की ईसीआरवर कुठेतरी गरम इडली, सांबार, मुलांना घीरोस्ट डोसा. भुकेलं पोर घाबरलेलं असेल तर जास्त रडतं, खाल्ल्यावर बोलायला लागतं. त्याला बोलू द्यावं. कुठलं भूत कुठून आलं, कोणाची चप्पल राहिली, आई किती जोरात ओरडली, हे ते चार वेळा सांगेल आणि दर वेळी भूत थोडं मोठं होईल. त्या रात्री दिवा चालू ठेवा म्हणालं तर ठेवावा. आणि सकाळी उठल्यावर त्याने पुन्हा कधी जायचं विचारलं, तर आधी हवामानाचं पत्रक बघावं.